रफिकभाईच्या जीपचा आवाज बंद झाला, दादा

प्रिय दादा,

आज संध्याकाळी वहिनींना सांगायला गेलो, की रफिकभाईच्या जीपचं काम झालं, आवाज बंद झाला. वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय सांगायलात? ज्याला सांगायचं त्याला सांगा की." म्हणून लिहायला बसलोय. तू होतास तेव्हा आठ वर्षं तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, आणि तू गेल्यावर पत्र लिहितोय! हसायचं तर हस.

रफिकभाईची जीप तुला माहीत आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी ती वालूरहून परभणीला जाते. आपल्याला तिसरीत शिकवणारे गुरुजी आठवतात ना? त्यांचं रक्त आता मशीनवर धुवावं लागतं. ते आणि अजून दोघं त्याच जीपनं जातात. दिवाळी झाली, टोळ्या उसाला गेल्या, गावातल्या बाकी गाड्या कारखान्याकडं निघून गेल्या. मागं राहिली ही एकच. आणि गेल्या आठवड्यात तीच मागच्या बाजूनं बोंबलायला लागली. रेस दिली की हूऽऽ असा आवाज, पाय काढला की बारीक. शुक्रवारी कशीबशी जाऊन आली. रफिकभाई शनिवारी सकाळीच दारात हजर. "दत्ताभाई, मंगळवारला गाडी पायजे. गुरुजींची बारी चुकली तर काय खरं नाय."

मागच्या एक्सलचं काम! माझं काम होतं का ते? आपलं ठरलेलंच होतं ना, पुढचं इंजिन माझं, गिअरबॉक्सच्या मागचं सगळं तुझं. मी तुला चिडवायचो, "इंजिन म्हणजे राजा, तुझा एक्सल म्हणजे हमाल." तू काय म्हणायचास? "राजा जागेवर बसून नुसता ओरडतो रे. गाव गाठायला हमालच लागतो."

किती शांतपणे समजावून सांगायचास तू गिऱ्हाइकाला! इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून लांब शाफ्टवर येते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, कारण खड्ड्यात एक्सल वरखाली होतो आणि शाफ्टला त्याच्यासंगं वाकावं लागतं. शाफ्टच्या शेवटी छोटं दातेरी चाक, पिनियन, ते क्राउन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. तिथं ताकद आडवी वळते, वेग कमी होतो आणि जोर वाढतो. एवढं झालं की गिऱ्हाईक विचारायचंच, "मंग वळणावर दोन्ही चाकं एकसारखी कशी फिरतील?" तू लगेच खळ्यातल्या मळणीवर यायचास. मधल्या मेढीच्या खांबाजवळचा बैल बारीक पावलं टाकतो, बाहेरचा लांब टाकतो, तरी बैलांची पात एकच असते. डिफरन्शिअलचं तसंच. आतल्या चाकाला कमी फिरू देतं, बाहेरच्याला जास्त, आणि जोर दोघांनाही देतं. गिऱ्हाईक मान हलवायचं. मी मात्र कधी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष कार्बोरेटरमध्ये.

शनिवारी एक्सलचं हाऊसिंग उघडलं. पिनियनचे दात खाल्लेले. सेलूहून क्राउन-पिनियनची नवी जोडी आणली, बसवली, बोल्ट आवळले. चालवून बघितली तर पहिल्यापेक्षा मोठा आवाज! रविवारी परत खोललं, परत बसवलं. पुन्हा तेच. हात काळे, डोकं गरम. सोमवारी सकाळी रफिकभाई येऊन नुसता बाजेवर बसून राहिला. तेच जास्त लागलं मला.

तेव्हा गॅरेजमधल्या पत्र्याच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "काका, तुमी शेंदूर लावून बघितला का?"

तुझी पूजा. चोवीस वर्षांची झाली आता.

दादा, तो पत्रा आपल्यामध्ये का आला, ते मी कुणाला खरं सांगितलं नाही. लोकांना वाटतं जागेवरून भांडण झालं. दहावीची परीक्षा झाल्यावर पूजा तुझ्याशेजारी जमिनीवर पडून एक्सलचे नट काढत होती. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "पोरीला ग्रीसमध्ये लोळवायलास, शरम न्हाई वाटत?" पोरगी उठली, हात पुसले, घरात गेली. संध्याकाळच्या आत तू हत्यारांची पेटी उचललीस आणि गॅरेजच्या मधोमध पत्रा ठोकलास.

मी चुकलो होतो. पण तू तरी एक शिवी हासडायची होतीस रे! आठ वर्षं मी त्या पत्र्यातून तुझ्या हातोडीचा आवाज ऐकत राहिलो. तुझं डोकं काय माझ्यापेक्षा कमी तिरपं होतं?

पूजाला मी म्हणालो, "न्हाई लावला."

"मंग दात कुठं लागायलेत ते कसं कळंल?"

ती आली. ओढणी कमरेला बांधलेली, हातात वाटी. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. क्राउनच्या पाचसहा दातांना बोटानं पातळ थर दिला, पिनियन हातानं सावकाश फिरवलं. मग टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बघा, खूण दाताच्या टोकाला आलीय. मधोमध यायला पायजे. पिनियन क्राउनपासून लांब बसलंय. मागून पत्र्याची एक पातळ चकती, शिम घालावी लागंल."

"तुला कसं कळतं गं हे?"

"बाबा शिकवायलते की. आठ वर्षं रोज शिकवलं. फकत दार लावून."

दार लावून! माझ्यामुळं ना रे दादा? लोकांनी पुन्हा काही बोलू नये म्हणून. पोरीनं सगळी विद्या बंद दाराआड घेतली, आणि मी पलीकडं बसून समजत होतो, की तू एकटाच ठोकाठोकी करतोस.

शिम घातली तशी ती जोडी फारच घट्ट झाली. मग क्राउन केसाएवढं मागं सरकवलं. पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवणं. चौथ्या वेळी खूण दाताच्या बरोबर मधे उमटली, तांदळाच्या दाण्याएवढी लांबट. पूजा नुसती खूण बघत राहिली. अगदी तुझ्यासारखी, खालचा ओठ दाताखाली धरून.

रफिकभाई तिथंच होता, शेजारचे दोघंतिघं जमले होते. मी उभा राहिलो. म्हणालो, "पूजा, आठ वर्षांमागं मी तुला चार माणसांत बोललो. आज चार माणसांत माफी मागतो." ती गडबडली. "काका, ते बोल्ट आवळायचेत अजून," म्हणाली आणि पाना माझ्या हातात दिला. मी आवळत राहिलो. डोळ्यांत घाम गेला म्हणून सांगितलं सगळ्यांना.

आज सकाळी गाडी निघाली. मी मागच्या बाकावर, खाली फळीला कान लावून. पूजा पुढं. सेलू रस्त्याचा चढ आला, रफिकभाईनं रेस दिली. मी श्वास धरला. काहीच नाही! नुसता टायरचा रस्त्यावरचा आवाज. रफिकभाई ओरडला, "अरे, आवाज किधर गया?" पूजा खिडकीबाहेर बघून हसत होती. आणि गुरुजी? त्यांची मान केव्हाच कलली होती, परभणीपर्यंत उठले नाहीत.

दवाखान्यासमोर उतरलो. त्याच पायऱ्या, दादा. तुझ्या शेवटच्या दुखण्यात तू आत होतास, वहिनींनी निरोप धाडला होता, की तुमची आठवण काढायलेत. मी आलो होतो रे. तिथवर आलो होतो. पायरीवर बसलो, समोर चहा प्यालो आणि एस.टी. धरून परत गेलो. दुसऱ्या दिवशी कळलं, तू गेलास. हे कुणालाच सांगितलेलं नाही, वहिनींनासुद्धा नाही. तुला आत कुणी सांगितलं असेल का, की दत्ता खाली आहे? नसेलच. पण आता सांगतो, मी खाली होतो.

गुरुजींना धरून वर नेलं. त्यांनी विचारलं, "गाडी कुणी नीट केली रे?" मी म्हणालो, "दादाच्या पोरीनं." गुरुजींनी पूजाला जवळ बोलावलं, तिची काळी नखं बघितली, म्हणाले, "छान. शुक्रवारी मला पुढं बसव, हे सगळं कसं चालतं ते सांगत चल." ऐंशीच्या वयात गुरुजींना शिकायचंय, बघ!

येताना झरीचा एक ट्रॅक्टरवाला स्टँडवर भेटला. त्यानं रफिकभाईकडून ऐकलं होतं. म्हणाला, "बाईंना वेळ कधी हाय?" दादा, 'बाईंना' म्हणाला! पूजानं त्याला परवाचा दिवस दिला. मला विचारलंसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तू परत येणार नाहीस, हे मला कळतं. तुझ्याकडून शिकायचं राहिलं ते राहिलं. पण परवा ट्रॅक्टर खोलला जाईल तेव्हा मी तिच्याशेजारी जमिनीवर पडलेला असेन, आणि जे येत नाही ते तोंडानं विचारीन. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे जड जातं, पण करीन. गिऱ्हाईक उभं असलं तरी विचारीन. एवढा शब्द तुला देतो.

तुझा धाकटा,
दत्ता