बब्रुवाननं ओळखलेली गाडी

भूम, ४ ऑगस्ट २०२४

चि. श्रीनाथ यास लिंबाजीकाकाचा आशीर्वाद. रीत म्हणून दिलाय, मनापासूनचा समजू नकोस.

फोन तू उचलत नाहीस, आणि आपल्या 'गाडी कट्ट्या'वर मला आता दिवसाला तीनच ओळी लिहिता येतात, कारण मी पैसे भरणारा सदस्य नाही. ज्या कट्ट्याचं नाव मी ठेवलं, तिथं मीच उपरा. म्हणून हे पत्र.

सात वर्षांपूर्वी तू इंटरनेटवर कट्टा उघडून दिलास तेव्हा एसटीवर जीव असलेली आपण त्रेचाळीस माणसं होतो. मी तिकिटं फाडून रिटायर झालेला कंडक्टर, सास्तूरच्या वनमालाबाई शिक्षिका, आणि माझ्याच गाडीचा ड्रायव्हर बब्रुवान. मधुमेहानं त्याची नजर गेली, पण तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाचे कान शाबूत होते. रोज कुणीतरी आपल्या गावातल्या गाडीचा आवाज टाकायचं, बब्रुवान तिचा डेपो आणि खोड सांगायचा, मग पाठवणारा खरं उत्तर द्यायचा. तो चुकला तरी कुणी हसत नव्हतं. त्या खेळावर त्याचा दिवस निघायचा.

त्याचं तू दुकान मांडलंस. जाहिराती आल्या, सोनेरी सदस्य आले, आणि गेल्या महिन्यात नळदुर्गची गाडी म्हणून तू त्याला पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकवलास. अरे, तो घाबरला! म्हणाला, ह्या गाडीचं लई बेकार झालंय, घाटात नेऊ नका म्हणावं. मला डेपोत फोन करायला लावला आणि मी मूर्खासारखा केलासुद्धा. तू त्याचा 'आंधळ्या ड्रायव्हरची फजिती' म्हणून व्हिडिओ लावलास. दोन लाख माणसं हसली. त्याची बायको मथुरावहिनी सांगते, त्या दिवसापासून घरासमोरून गाडी गेली तरी तो कान झाकून घेतो. विचारलं तर म्हणतो, म्या काय वळखतोय, मला गिरणी कळंना.

तो व्हिडिओ काढून टाक आणि इथं येऊन त्याची माफी माग. लाज शिल्लक असेल तर.

लिंबाजी


पुणे, ११ ऑगस्ट

ती. काकांस सा. न. माझाही रीतीचाच.

सगळं पाप माझ्या माथी मारून तुम्ही मोकळे झालात. सात वर्षं कट्टा कुणाच्या पैशावर चालला, हे त्रेचाळीस जणांपैकी एकानं तरी विचारलं का? वर्षाला शंभर रुपये काढा म्हटलं तर वनमालाबाईंनी उपदेश पाठवला आणि तुम्ही नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय!

बब्रुवानकाकांनी नऊ वेळा बरोबर ओळखलं, ते कुणी पाहिलं नाही. दहाव्यांदा चुकले तेव्हा लोक धावत आले. जाहिरातवाले डोकी मोजतात, काका, कान मोजत नाहीत. हा कायदा मी केलेला नाही. आणि व्हिडिओ करायला त्यांनी स्वतः होकार दिला होता.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मार्चमध्ये माझी नोकरी गेली. घरभाडं त्या हसणाऱ्या दोन लाखांतून निघतं. आईला कळवू नका. माझ्यावरची माया आटली असेल तर तेही एकदा लिहून टाका.

श्रीनाथ


भूम, १७ ऑगस्ट

चि. श्रीनाथ यास आशीर्वाद.

पैशाचं तू खरं बोललास. आम्ही फुकटे, आणि ते मला झोंबलं. नोकरी गेल्याचं पाच महिने लपवलंस, त्याचा राग वेगळा. इथं तुला भाकरीला कुणी नाही म्हटलं नसतं.

पण होकाराचं मला सांगू नकोस. बब्रुवाननं गाडी ओळखायला होकार दिला होता, फसायला नाही. शाळेच्या सुट्टीत तू त्याच्या केबिनमध्ये बसून भूम ते बार्शी किती खेपा फुकट केल्यास, आठवतं का? त्यानं तुझ्याकडून काय वसूल केलं?

वनमालाबाई कट्टा सोडून गेल्या. तुझे सोनेरी सदस्य एकमेकांच्या आया काढतात, आणि जितकं भांडण मोठं तितकं तुझं यंत्र ते वर ढकलतं. चालव खुशाल. बब्रुवानपुढं मात्र येऊन उभा राहा. फोनवरची माफी चालणार नाही. त्याला तुझं तोंड दिसत नाही, निदान पाऊल तरी ऐकू दे.

लोभ आहे म्हणूनच एवढी शाई घालवली.

लिंबाजी


पुणे, २३ ऑगस्ट

ती. काकांस नमस्कार.

व्हिडिओ काढून टाकला. पण चार जणांनी तो उचलून आपापल्या नावानं लावलाय, ते माझ्या हातात नाही. उत्पन्न निम्म्यावर आलं, आता तुमचं पोट भरलं असेल. शनिवारी ३१ तारखेला सकाळच्या भूम गाडीनं येतो. बब्रुवानकाकांना सांगून ठेवा, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

श्रीनाथ


भूम, १ सप्टेंबर

श्रीनाथ,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरला तर.

काल बब्रुवान पहाटेच दाढी करून ओट्यावर बसला. मथुरावहिनीनं शेंगांच्या पोळ्या केल्या होत्या. मीही तिथंच होतो. पावणेसातला फोन वाजला, तुझं नाव बघून वहिनीनं स्पीकर लावला. तू काहीच बोलला नाहीस. पलीकडं नुसता पुण्याचा स्टँड आणि एक सुरू असलेली गाडी. इतक्या दिवसांनी बब्रुवाननं कान पुढं केला. म्हणाला, आपल्याच डेपोची हाय, क्लच घासतोय. त्याचा चेहरा असा उजळला की मी तुला जवळजवळ माफ केलं होतं.

मग दार आपटलं. डबल बेल वाजली. गाडी हलली आणि तिचा आवाज लांब लांब गेला. फोनमध्ये फुटाणेवाल्याची हाळी मात्र तशीच जवळ येत राहिली. मग तू फोन ठेवलास.

वहिनी म्हणाली, आत बसला असंल, मग करंल. बब्रुवाननं मान हलवली. म्हणाला, न्हाय, गाडी गेली, पोरगं चढलं न्हाय.

तरी दुपारी मी स्टँडवर गेलो, गाडीतून शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभा राहिलो. परत येऊन बब्रुवानला काही सांगितलं नाही. कट्ट्याचा नियम तुला ठाऊक आहे, खरं उत्तर पाठवणाऱ्यानंच द्यायचं. तो अजून ओट्यावर बसून आहे.

लिंबाजी