वार लागायच्या आधी

अश्वजित,

कणीक मळून ठेवली हाये, बाबाच्या डब्याच्या पोळ्या आज तूच लाटजो. मी सकाळच्या एसटीनं खामगावले जाऊन राह्यली. आता माह्या कामाच्या लॅबजवळच मैत्रीण स्नेहलतासंग रूमवर राहीन. रोज गावातून जायले आता माह्याजवळ गाडी नाही, हे तुले माहीत हाये.

रविवारी कार्ड खेळताना तुह्या राक्षसाच्या कार्डानं वार केला अन् मी ढालीचं कार्ड जरा उशिरा टाकलं. तू मले नियम शिकवला. वार जाहीर झाला की ढाल टाकायची, पण तो लागायच्या आधी. एकदा लागला की मंग ढाल हातात असून काही उपयोग नाही. मी किती विनवलं, तरी तू माही वाघिणीचं कार्ड डावातून काढूनच टाकलं.

काल बाबानं पाहुण्यांसमोर मले विचारलं, गाडी कोणं पाडली. पाडली तू होती. मी तुह्याकडं पाहत राह्यली अन् तू खाली मान घालून चिवडा खात राह्यला. बाबा मले वाट्टेल ते बोलले, गाडीची चाबी काढून घेतली, अन् तू चिवडा संपवला. पाहुणे गेल्यावर माह्यामागं आला अन् म्हणे, "ताई, मी सांगणारच होतो."

आता बाबाले खरं सांगायचं असंन तं सांगजो. माह्यासाठी म्हणून नको सांगू.

ढालीचं कार्ड चिठ्ठीखाली ठेवलं हाये. काल ते माह्याजवळ नव्हतं, तुह्याजवळ होतं.

मयुरी