टोप्या बदलण्याचा करार

२७ जानेवारी, अमळनेर

काल आबांच्या अस्थी तापीत सोडल्या. आणि आज मी गच्चीवर उभी राहून फोनवर भांडतेय!

संयुक्त राष्ट्रांचे दूतसाहेब, माझे वरिष्ठ, म्हणाले, "नूतन, तू दुःखात आहेस, कळतं. पण सरकार आणि शेजारी देश, दोन्ही बाजू तुझंच ऐकतात." खरं आहे. माझं काम ज्या देशात, तिथे बंडखोरी चालू आहे; शेजारी देशांचं शांतिसैन्य फेब्रुवारीअखेर तिथून निघणार. मोहीम संयुक्त राष्ट्रांनी हाती घ्यावी, हे सगळ्यांना मान्य. पण हुकूम कुणाचा चालणार, यावर गाडं अडलंय. तिथल्या सरकारला तर नवे परके सैनिक नकोतच.

खाली आई भेटायला आलेल्या बायांना सांगत होती — पोरगी मोठ्या कामावर शे.

३० जानेवारी

कर्नल बुबकरचा फोन. शेजाऱ्यांच्या सैन्यातला, उत्तरेकडच्या बाजारगावी त्याची तुकडी. गेल्या वर्षी त्याच्या छावणीत राहिले होते, तेव्हापासूनची मैत्री.

आधी विचारलं, "तुझे वडील कसे होते?" इतक्या फोनांत हे कुणीच विचारलं नव्हतं! म्हटलं, हट्टी. कापूस वेचणाऱ्या बायांना रचून रचून गोष्टी सांगायचे. तो हसला. मी रडले.

मग म्हणाला, "आम्ही गेलो आणि तुमचे आले नाहीत, तर मधल्या काळात या गावाचं काय?"

फोन ठेवल्यावर तो प्रश्न वहीत लिहून ठेवला.

२ फेब्रुवारी

आबांचा दहावा. पिंड ठेवताना फोन थरथरला. मी उठून बाजूला गेले. जितेंद्रनं नुसतं बघितलं. भाऊ आहे — चिडला असता तर बरं वाटलं असतं.

३ फेब्रुवारी

सुचलं! सैनिक तेच ठेवायचे — फक्त हुकूम आणि टोप्या बदलायच्या. नवी कुमक येईपर्यंत शेजाऱ्यांचेच जवान संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून थांबतील. शेजाऱ्यांचा मान राहतो, सरकारला नवे चेहरे दिसत नाहीत. तिथल्या सरकारचे मंत्री म्हणाले, "याला आम्ही हो म्हणू शकतो." किती महिन्यांनी हा शब्द ऐकला!

आईला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग त्या पोरे घर कवय जातीन?"

म्हटलं, बदली माणसं आली की.

८ फेब्रुवारी

बुबकरनं विचारलं, "नवे नक्की येतील?"

"येतील."

"हा दूतसाहेबांचा शब्द, की तुझा?"

"माझा."

दोन देशांनी सैन्य कबूल केलंय. मग का नाही द्यायचा शब्द?

१९ फेब्रुवारी

सुरक्षा परिषदेत ठराव मंजूर! विरोधात एकही मत नाही. दूतसाहेब म्हणाले, "हे तुझं यश." जितेंद्र पेढे आणायला निघाला, चपला घातल्या, आणि दारातच थांबला. घरात सुतक संपलं, तरी आबा गेलेत. पुन्हा आत येऊन बसला.

११ मार्च

जितेंद्र धुळ्याला नोकरीवर परतला. आई एकटी, म्हणून माझं तिकडे कामावर जाणं मी पुढे ढकललं.

कबूल केलेल्यांतला एक देश मागे फिरला — त्यांच्याकडे निवडणुका. दुसरा म्हणतो, पावसाळ्यानंतर बघू. दिवसभर विनवण्या केल्या. घसा बसला. बुबकरची तक्रार नाही. निळ्या टोपीतला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं — माझं डोकं मोठं की तुमची टोपी लहान?

२३ मार्च

बुबकरच्या गावी बाजाराच्या दिवशी बंडखोर आले. बुबकरनं बाजारातली माणसं, बायका, पोरं छावणीत घेतली. सगळे आत येईपर्यंत स्वतः फाटकावर उभा राहिला. माणसं वाचली.

तो गेला.

आईनं विचारलं, "कोन गया व?" म्हटलं, एक मित्र. तिनं माझं न जेवलेलं ताट उचललं, माझ्याजवळ येऊन बसली.

२६ मार्च

धीर करून त्याच्या बायकोला फोन लावला. मी बोलायच्या आधीच ती म्हणाली, "नूतन ना? तो तुमच्याबद्दल बोलायचा."

त्याची मायदेशी बदली फेब्रुवारीतच झाली होती. सामानही बांधलं होतं. मग घरी कळवलं — नूतननं शब्द दिलाय, नवे येतातच. तेवढे दिवस थांबतो.