अकरा नंबरची फरशी

नाशिक,
रविवार, ता. ९ डिसेंबर १९७९

ति. पुतळाआत्यास,
आणि हे पत्र तिला वाचून दाखवणाऱ्या ति. बाबांना,
कुसाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला. इथे थंडी फार आहे, पहाटे नळाचे पाणी हाताला बोचते. भात झोडून झाले का? मंगळू शाळेत जातो की गुरांमागेच फिरतो? त्याला सांगा, ताईने पाटीवरचे अक्षर बघायला मागितले आहे.

बाबा, तुमचे पत्र मंगळवारी मिळाले. गॅदरिंगला पालकांना बोलावले आहे म्हणून तुम्ही येणार, पण पुतळाअक्का गुडघा दुखतो म्हणून नाही म्हणते, तर तूच दोन ओळी लिहून तिला गळ घाल, असे तुम्ही लिहिलेत. म्हणून आत्याच्या नावाने लिहायला बसले. पाच दिवसांत तीन इनलँड फाडली. आता वहीचे कागद घेतले आहेत, कारण जे लिहायचे ते इनलँडमध्ये मावणार नाही.

एक विनंती आहे. गावातल्या लोकांची पत्रे वाचून दाखवताना तुम्ही वाईट मजकूर गाळता, किंवा मऊ करून सांगता. मी लहानपणी शेजारी बसून अक्षरे गिरवत असायची, तेव्हा पाहिले आहे. इथे तसे करू नका. आत्याला समोर बसवा आणि लिहिले आहे तसे मोठ्याने वाचा. मला हे तिच्या एकटीच्या कानात सांगायचे होते. पण तिला वाचता येत नाही, आणि तुमच्या तोंडून गेल्याशिवाय ते तिच्यापर्यंत पोचणार नाही. तुम्हाला कळू नये म्हणूनच मी इतके दिवस काही लिहिले नाही, हेही वाचा.

आत्या, तू इथून घरी जाऊन काय सांगितलेस ते बाबांच्या पत्रात आहे. हॉस्टेलच्या बाईंनी चहा दिला, मुली फरशी बघायला गोळा झाल्या, कुसाने गाडीत बसवून दिले. यातले मुली गोळा झाल्या एवढे खरे आहे.

बाकीचे बाबांनी माझ्याकडून ऐकावे.

मी आले तेव्हा अकरा नंबरच्या खोलीत दोन लोखंडी खाटा, दोन टेबले आणि पिवळा डिस्टेंपर होता. आठ दिवसांत सगळ्या मुलींनी आपापल्या खोल्या सजवल्या. क्रोशाचे पडदे काय, प्लॅस्टिकच्या फुलांची तोरणे काय. माझ्या खोलीतली चांगुणा नांदगावची, तिचे वडील रेल्वेत गँगमन आहेत. तिने खाटेच्या वर बुद्धाचे चित्र लावले, आईने शिवलेली वाकळ अंथरली आणि म्हणाली, झालं माझं घर. माझ्या पेटीत आत्याने दिलेले छोटे सूप होते. मी ते पेटीतच ठेवले. किराणा दुकानातून बर्फाच्या डोंगराचे कॅलेंडर मागून आणले आणि ते लावले. कुणी विचारले की छान आहे म्हणायची. मला ते जराही आवडत नव्हते.

दिवाळीनंतर एकदा जेवताना मातीच्या घरांचा विषय निघाला. नऊ नंबरमधली एक मुलगी हसत म्हणाली, शेणात हात घालायचा म्हणजे बाई कमालच, तू कशी गं करतेस? मी म्हणाले, मी कशाला करू, आमच्याकडे सारवायला बाई येते. कुणी एवढे विचारले नव्हते. मी आपणहून सांगितले, आणि पुढचा घास घेतला.

त्याच आठवड्यात मी घरी लिहिले होते की इथल्या फरशीवर पाय ठेवला की परक्याच्या ओट्यावर बसल्यासारखे वाटते, जमिनीला वासच नाही. दोन्ही वाक्ये माझीच. दुसरे बाबांनी वाचून दाखवले आणि आत्या निघाली.

ता. २२ नोव्हेंबर, गुरुवार. मी प्रॅक्टिकलला होते. आत्या, तू पहिल्या गाडीने आलीस. फडक्यात आपल्या डोंगरामागची पांढरी माती होती. पेठ नाक्यावरच्या गवळ्याकडून ताजे शेण मागून घेतलेस आणि घमेले डोक्यावर घेऊन विचारत विचारत हॉस्टेलवर आलीस. चांगुणा खोलीत होती. मी कुसाची आत्या, असे तू तिला सांगितलेस. आपल्याकडे न सारवता नव्या घरात कुणी निजत नाही आणि ही पोरगी पाच महिने निजली, म्हणून तिला घर लागत नाही, असेही म्हणालीस. चांगुणाने तुझ्याबरोबर खाटा आणि टेबले बाहेर काढली आणि मग ती तासाला गेली. तू खिडकीपासून दारापर्यंत मागे मागे येत सगळी फरशी सारवलीस. हाताची वळणेसुद्धा काढलीस. भिंतीलाही खालून हातभर पांढरा पट्टा दिलास, घरी कुडाला देतेस तसा. आणि वाळेपर्यंत कुणी आत पाऊल टाकू नये म्हणून दारात बसून राहिलीस.

तुला काय ठाऊक की गुळगुळीत फरशी शेण धरत नाही. ते वाळेना. कडेने पोपडे धरू लागले आणि वास जिन्यापर्यंत गेला.

मी आले तेव्हा दारासमोर दहाबारा मुली होत्या. रेक्टरबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. डिस्टेंपर मे महिन्यात दिला होता, तो खराब झाला, याचा त्यांना जास्त राग आला होता. आणि तू, गुडघ्यापर्यंतचे लुगडे, कोपरापर्यंत शेणाचे हात, मला बघून हसलीस. नऊ नंबरमधली ती मुलगी तिथेच होती. ती म्हणाली, "अगंबाई, हीच का तुमच्याकडची सारवणारी बाई?"

मी "हो" म्हणाले.

बाबा, थांबू नका, पुढे वाचा.

बाईंनी विचारले, "कामाची बाई आहे? मग हिला हे कुणी सांगितलं?" मी म्हणाले, मला माहीत नाही. तोवर मला वाटत होते की आत्या आता बोलेल. मी अमकी, माझ्या भावाची पोर आहे ही, आई गेल्यावर मी हिला वाढवली. ती बोलली असती तर मी खोटी पडले असते आणि सुटले असते. आत्या बोलली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि बाईंना म्हणाली, "माझंच चुकलं बाई. यांनी नाय सांगितलं." मग मला म्हणाली, "ताई, मी काढते धुऊन. तुमी जा कालेजात."

मी गेले नाही, पण मदतही केली नाही. जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. आत्याने नळावरून बादल्या आणल्या आणि स्वतःच्या ओल्या सारवणावर पाय ठेवून ते धुऊन काढले. ओल्या सारवणावरून कोंबडी गेली तरी ती मंगळूला रागे भरते. पट्टा पुसला तरी भिंतीवर डाग राहिला. मग बाईंनी तिला खाली पायऱ्यांवर बसवून ठेवले, घमेले तिचेच आहे का याची शिपायाकडून चौकशी होईपर्यंत. चहा कुणी दिला नाही. मी गाडीत बसवून दिले नाही. खिडकीतून तिला फाटकाबाहेर जाताना पाहिले, तेही पडद्याआडून.

संध्याकाळी चांगुणा आली आणि म्हणाली, आत्या कुठं आहेत, मी त्यांच्यासाठी जिलबी आणली. मी सगळे सांगितले. ती खाटेवर बसली, पुडा मांडीवर ठेवून. मग म्हणाली, "माझी आई रुळावर खडी टाकायला जाते. ती इथं आली तर तिला काय म्हणायचं, ते तुझ्याकडून शिकून ठेवते." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरते बोलते. सकाळी उठवते मात्र, माझा पहिला तास चुकू नये म्हणून.

काल मी रेक्टरबाईंकडे गेले. भेटायला येणाऱ्यांची एक वही असते, नाव आणि नाते लिहायचे. त्यांनी त्या दिवशी पुतळाबाई, आणि नात्याच्या जागी मोलकरीण असे लिहिले होते. मी सांगितले, त्या माझ्या आत्या आहेत, मी खोटे बोलले, वही दुरुस्त करायची आहे. बाबा, तुम्ही शिकवले होते की चुकीचा शब्द गिचमिड करून झाकायचा नाही, एक रेघ मारायची, म्हणजे काय चुकले होते ते दिसत राहते. मी तशी रेघ मारली आणि वर आत्या लिहिले. बाईंनी वही आपल्याकडे ओढून ते वाचले. मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी त्यांना पायऱ्यांवर बसवलं नसतं." मी खोलीत येऊन त्यावर विचार करत बसले. कामाची बाई असती तर बसवले तेच ठीक होते का? पण हे बाईंना विचारण्याचे तोंड मला कुठे आहे. आधी बसवले मीच.

इतके लिहिले, तरी सगळ्यांत वाईट गोष्ट राहिलीच आहे. बाबा, आत्याचा गुडघा दुखतो हे तुमच्या पत्रात वाचले तेव्हा मला पहिल्यांदा बरे वाटले. बरे झाले, ती येणार नाही, असे वाटले. त्या गुरुवारी मी घाबरले होते असे म्हणता येईल, पण मंगळवारी मी एकटी होते आणि खोलीचे दार बंद होते. कुणी बघत नव्हते. तरी वाटले. म्हणून मी रात्रीपर्यंत जेवले नाही आणि म्हणूनच तीन पत्रे फाडली, कारण प्रत्येकात मी हे वाक्य टाळले होते.

फाडलेल्या एका पत्रात मी लिहिले होते की आत्या, तू गॅदरिंगला ये, मी तुला पहिल्या रांगेत बसवीन, सगळ्यांना ओळख करून देईन. ते मी मनापासून लिहिले होते. पण परत वाचले तेव्हा कळले की त्यात मला चांगले ठरायचे होते आणि त्यासाठी तू दुखऱ्या गुडघ्याने घाट चढून यायचे होते. म्हणून मी तुला गळ घालत नाही. यायचे की नाही, हे तू ठरव. बाबा, तुम्हीही तिला आग्रह करू नका. गुडघा दुखतो म्हणाली तर तो दुखतो असेच धरून चाला.

शनिवारी कॉलेज लवकर सुटते. दुपारच्या गाडीने मी येते, दिवस मावळेपर्यंत पोचेन. तोवर उत्तर लिहू नका. बाबा, हे वाचून झाल्यावर आत्याची समजूत घालू नका आणि माझ्यासाठी शब्दही टाकू नका. तिला काही वेळ एकटे बसू द्या.

आत्या, तुला जे म्हणायचे असेल ते मला तोंडावर म्हण, बाबांसमोर, मंगळूसमोर. काही म्हणायचे नसेल तरी मी दोन दिवस राहणार आहे.

खाली तुझी असे लिहायला हात धजत नाही, म्हणून आज नुसतेच,

कुसा