भुऱ्याच्या गुरगुरण्याचा बंदोबस्त

४ नोव्हेंबर १९७३, रविवार
सासरे गेले त्याला महिना झाला. उमरेडहून ताराने त्यांची एकच गोष्ट घरी आणली : कुत्रा. नाव भुऱ्या, वय आठ. माझी हरकत नाही. मला कुत्र्यांची भीती नाही. फक्त सवय नाही.
संध्याकाळी मायेने त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. त्याच्या घशातून आवाज आला, लांबवर ट्रक चढाव चढत असावा तसा. हात मागे घेतला. घड्याळाला चावी द्यायची राहिली होती.

५ नोव्हेंबर
भुऱ्या पुढच्या दारात आडवा. मागच्या दाराने ऑफिसला गेलो. तेवढाच व्यायाम.

८ नोव्हेंबर
रेकॉर्ड सेक्शनचे मार्तंडराव कुत्र्यांतले एक्स्पर्ट. म्हणाले, "गुरगुरला की जागच्या जागी दाबायचं. नाही तं घरात साहेब तो अन् चपराशी तुम्ही."
पटलं. उद्यापासून डिसिप्लिन. साधन : वर्तमानपत्राची गुंडाळी.
तारा म्हणाली, "मारू नका जी त्याले. तो काही सांगून राहिला असंल."
कुत्रा काय सांगणार! हसलो.

१० नोव्हेंबर, सकाळी ७
गुरगुरला. स्टुलावर चढून गुंडाळी हाणली. नाकावर बसली. (स्टूल रुबाबासाठी.) उतरायला तारा येईपर्यंत थांबलो.

१४ नोव्हेंबर
आतापर्यंत सहा वेळा गुंडाळी. आता मी दिसलो की तोंड फिरवतो, ओठ चाटतो. म्हणजे शरमतो. दिवसभर डोकं झटकतो, उजवा कान खाजवतो. विचार चालू असावा.

१८ नोव्हेंबर, रविवार
चार दिवसांत एक गुरगुर नाही. विजय! शेजारच्या शोभाताईंना पद्धत समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "मग भाऊजी, आजकाल तुम्ही मागच्या दारानंच काहून येऊन राहिले?" बायकांना शास्त्रीय विषयात गोडी नसते.
उद्या त्याच्या गळ्यात पट्टा मी स्वतः घालणार. तारासमोर.

१९ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला बँडेज.
पट्टा चढवताना त्याच्या कानाला बोट लागलं. गुरगुरला नाही. दातही दाखवले नाहीत. सरळ चावला. ताराने नळाखाली हात धरून साबणाने धुतला. मी उभा होतो असं ती म्हणते. मला आठवत नाही.
सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शन. अशी चौदा. डॉक्टर म्हणाले, "कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. पिसाळला तर लगेच या."

२० नोव्हेंबर
खोलीला आतून कडी लावून खिडकीतून नजर ठेवतोय. रोजच्या इंजेक्शनापुरता मागच्या दाराने बाहेर पडतो. भुऱ्या पाणी पितो. मीही दर तासाला पिऊन बघतो. अजून तरी पाण्याची भीती वाटत नाही. दुपारी घसा आवळल्यासारखा झाला. ताराने बघितलं. स्वेटरचं वरचं बटण लागलेलं होतं.

२२ नोव्हेंबर
तारा रिक्षाने भुऱ्याला ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. उजवा कान आतून पूर्ण पिकलेला. डॉक्टर ओमप्रकाश यांनी विचारलं, "इतका दुखत होता, तर गुरगुरत नव्हता का?"
ती म्हणाली, "गुरगुरत होता. आमच्या घरी बंद केलं."
डॉक्टर म्हणाले, "बाई, ते त्याचं 'दूर राहा' सांगणं असतं. सांगणंच बंद केलं, तर बिचाऱ्याजवळ दातच उरतात."
हे तिने मला बंद दाराबाहेरून सांगितलं. मग म्हणाली, "बाबा असते तं त्याहिले पहिल्या दिवशी समजलं असतं. मले काहून नाही समजलं?" रडत होती. मी कडीवर हात ठेवला. काढली नाही.

२५ नोव्हेंबर
कानात औषध तारा घालते. मी खिडकीतून मार्गदर्शन करतो.

२९ नोव्हेंबर
दहा दिवस झाले. भुऱ्या ठणठणीत. उरलेली चार इंजेक्शनं माफ. पोटाची चाळणी झाली आहे.
सकाळी कडी काढली. भुऱ्या समोरच. गुरगुरला, हलकेच. एक पाऊल मागे झालो. तो गप्प झाला. आणखी एक पाऊल मागे झालो. तो खाली बसला.
तारा तांदूळ निवडत होती. सगळा धीर गोळा करून तिला म्हटलं, "मला याची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून."
वाटलं, ती दचकेल.
तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "मालूम आहे जी. अख्ख्या गल्लीले मालूम आहे. सरका आता, त्याले बाहेर जायचं आहे."
सरकलो.