न वाचलेले

सोमवार, ३ तारीख

लागलो एकदाचा कामाला! खिडकीजवळची जागा मिळाली आहे, खुर्ची न करकरणारी आहे आणि चहा मागायच्या आधी समोर येतो. आणखी काय हवं माणसाला? जेवणाच्या सुट्टीत रोज इथेच, याच संगणकावर रोजनिशी लिहायची असं ठरवलंय. डोक्यातला धूर कुठेतरी निघाला की तोंडातून निघत नाही, असं बायकोचं मत. ती मला चिडका बिब्बा म्हणते.

संस्था छोटी आहे. शब्दकोश छापतात. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. एका खोलीत साहेब. दुसरीत अक्षरजुळणी करणारे काका, प्रुफं तपासणाऱ्या बाई आणि मुखपृष्ठं करणारा चित्रकार. मधल्या खोलीत एक अवाढव्य करडा प्रिंटर. तो सुरू होताना असा काही रेकतो की सगळे त्याला रेडा म्हणतात.

माझं काम ऐकायला सोपं. तिघांचे संगणक तीन जातींचे: काकांचा जुना, बाईंचा फुकटातल्या प्रणालीवर चालणारा, चित्रकाराचा महागातला. रेडा फक्त काकांचं ऐकतो. बाकीचे दोघे पेन ड्राइव्ह घेऊन काकांच्या टेबलाशी ताटकळतात. सगळ्यांना आपापल्या जागेवरून छापता आलं पाहिजे. महिनाभर बघू, जमलं तर कायम करू, असं साहेब म्हणाले.

जमलंच पाहिजे. आधीच्या दोन नोकऱ्या माझ्या तोंडाने घालवल्या. या वेळी बायको स्वतःची नोकरी सोडून माझ्याबरोबर आली. चिमीची ही तिसरी शाळा. तिला शब्द दिलाय की आता बाबा कुठे जाणार नाही.

माझ्या जागी आधी एक जण होता. त्याला सगळे नुसतं 'आधीचा' म्हणतात. त्याचं काय झालं, असं काकांना विचारलं. नेमका रेडा रेकत होता. तो वाचला, असं काहीतरी ते म्हणाले. आजारी असावा बिचारा. वाचला ते बरं झालं.

मंगळवार, ४ तारीख

इथली एक पद्धत मजेशीर आहे. रेड्याशेजारी दोन ट्रे आहेत. एकावर 'वाचले' आणि दुसऱ्यावर 'न वाचलेले' अशी चिठ्ठी. छापलेला प्रत्येक कागद बाईंच्या नजरेखालून जातो, त्या कोपऱ्यात 'वाचले' असं लिहितात आणि मगच तो पुढे सरकतो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रेडा आपणहून रेकला. कुणी काही पाठवलेलं नव्हतं. एक कागद आला. पानभर रिकामे चौकोन, त्यांच्यात वाट चुकलेल्या वेलांट्या, अधांतरी लोंबणारे रफार. अगदी शेवटच्या ओळीत मात्र एक शब्द स्वच्छ होता: वाच. मला हसूच आलं. डोंबल वाचू? बाईंनी न बघता तो पालथा करून 'न वाचलेले'मध्ये टाकला. रोज याच वेळी येतो म्हणे. तो वाचायचा नसतो, एवढंच बोलल्या.

गुरुवार, ६ तारीख

तीन तिगाडा, काम बिगाडा. काकांच्या संगणकावरून रेडा सगळ्यांसाठी खुला केला. बाईंच्या संगणकाला तो दिसतो, पण दर वेळी पासवर्ड मागतो. बरोबर दिला तरी चूक म्हणतो. चित्रकाराच्या संगणकाला रेडा दिसतच नाही. भिंतीपलीकडे एवढं धूड उभं आहे, पण त्याच्या लेखी खोली रिकामी! शेवटी रेड्याला कायमचा पत्ता ठरवून दिला, तर काकांचाच संबंध तुटला. सव्वातीन तास. कळफलकावर मूठ आपटणार होतो. चिमीचा चेहरा आठवला आणि पाणी पिऊन आलो.

शुक्रवार, ७ तारीख

ते चौकोनी कागद ढिगाने साठलेत. एका बाजूने कोरे. चिमीला चित्रांसाठी पाठकोरे कागद लागतात, म्हणून गठ्ठा पिशवीत भरला. बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, हे न्या, हे वाचता येत नाहीत. पण चांगले आले तर नेऊ नका. काय बोलतात कळेना.

चिमीला चौकोन फार आवडले. प्रत्येकात डोळे-नाक काढत बसली. सध्या ती वाचायला शिकते आहे, त्यामुळे दुकानांच्या पाट्या, साबणाचा कागद, काही सुटत नाही. जोडाक्षर आलं की मात्र गाडी अडते. तळाचं 'वाच' तिने मोठ्याने वाचलं आणि मला म्हणाली, बाबा, हा कागद मला हुकूम देतो.

सोमवार, १० तारीख

बाईंचा संगणक छापायला लागला! आता आगंतुक कागदाचा बंदोबस्त. रेड्याच्या छपाईच्या रांगेत एक काम कायम अडकलेलं दिसतं. एक पान. पाठवणाऱ्याचं नाव नाही. पुसलं, ये रे माझ्या मागल्या. रेडा बंद करून पुन्हा सुरू केला, ते हजर. शेवटी नेटवर्कची वायरच उपटली आणि हाताची घडी घालून समोर उभा राहिलो.

अकरा वाजून दहा मिनिटं. रेकला. कागद आला.

रेड्याच्या स्वतःच्या स्मृतीत काही अडकलं असणार. दुसरं काय असेल?

बुधवार, १२ तारीख

तिन्ही संगणकांवरून कागद येतात. येतात, पण कसे! चित्रकाराने 'किनारा' पाठवला तर वेलांटी 'न'वर जाऊन बसली. बाईंच्या 'सूर्य'चा रफार उडाला, जोडाक्षरांच्या जागी चौकोन. काकांची सगळी जुळणी जुन्या फाँटमध्ये आहे. त्यातली अक्षरं दिसतात एक आणि आत असतात दुसरीच. साहेबांनी कागद पाहिला आणि काही न बोलता परत दिला. माझे कान तापले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

तेवढ्यात लक्षात आलं. तो रोजचा कागद याच पद्धतीने मोडतो. चौकोन तेच, वेलांट्या त्याच तऱ्हेने पळालेल्या. म्हणजे तो कचरा नाही. कुणीतरी लिहिलेला मजकूर आहे. अक्षरं बदलायचा तक्ता बनवून रेड्यातच बसवला की सगळ्यांचं छापणं सुधारेल आणि तोही कागद सुधारेल.

गुरुवार, १३ तारीख

बाईंशी वाजलं. त्या म्हणाल्या, छापणं नीट करा, पण तो कागद मोडकाच राहू द्या. मी म्हणालो, असं निवडून दुरुस्त करता येत नाही, तक्ता एकच असतो. मग त्या म्हणाल्या, करूच नका, आम्ही पेन ड्राइव्ह घेऊन चालत जाऊ, आमचे पाय दुखत नाहीत.

संताप आला. दहा दिवस रक्त आटवतोय मी! आवाज चढला माझा. बाईंचा नाही चढला. प्रुफं आपण शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे तपासतो, म्हणून चुका दिसतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, मी अक्षरं बघते, वाचत नाही. काकांची बोटं जुळवतात, डोकं भलतीकडे असतं. चित्रकाराला नुसते आकार दिसतात. तुम्ही मात्र वाचता, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची सोयही ठेवणार नाही मी. तक्ता झालाय. उद्या बसवतो.

शुक्रवार, १४ तारीख

झालं! झालं! झालं! तिन्ही संगणक, रफारासकट, उकारासकट. साहेबांनी 'सूर्य' बघितला आणि हात मिळवला. महिना थांबायची गरज नाही म्हणाले, आजपासून तुम्ही इथे कायम. बायकोला फोन केला, ती रडलीच. चिमीला सांग म्हटलं, शाळा बदलायची नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो कागद आला. स्वच्छ. काना-मात्रा जागच्या जागी.

आधीच्याने लिहिलाय. सुरुवात आनंदाची: खिडकीजवळची जागा, चहा, रेडा. मग संगणकांची रडगाणी. मग त्याच्याही आधीच्याचा कागद त्याने दुरुस्त केला ती हकिकत. खाली लिहिलंय की जो हे शेवटपर्यंत वाचतो तो रांगेत लागतो. कागद होतो. मी थांबू शकलो नाही, तू थांब. यापुढे वाचू नको.

अशी थट्टा! अर्थातच पुढे वाचलं. शेवटची ओळ होती: वाचलंस ना? आता तू.

हसलो. कागद सवयीने पिशवीत टाकला, पाठकोऱ्या गठ्ठ्यात.

सोमवार, १७ तारीख

दोन दिवस बायको म्हणत होती, शब्द गिळतोस. चिमीने तीनदा विचारलं, बाबा, काय म्हणालास?

आज हजेरीपत्रक छापलं. माझ्या नावाच्या जागी चार चौकोन. बाकी सगळी नावं ठीक. तक्ता तपासला. तक्त्यात चूक नाही. रेड्याच्या रांगेत आता दोन कामं आहेत. दुसऱ्याला पाठवणाऱ्याचं नाव आहे. माझं.

काकांना गाठलं. रेडा गप्प असताना पुन्हा विचारलं, आधीच्याचं काय झालं. काका माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत म्हणाले, त्या दिवशी सांगितलं ना, त्यानं वाचलं.

त्यानं वाचलं. 'तो वाचला' नव्हे. मी काय ऐकलं आणि ते काय म्हणाले होते! तो वाचला नाही. त्यानं वाचलं म्हणून तो वाचला नाही.

मग एकदम आठवलं. तो कागद घरी आहे. गठ्ठ्यात. चिमीच्या हाताशी.

बायकोला फोन लावला. वरचा कागद फाडून टाक, चिमीला वाचू देऊ नकोस, असं ओरडून सांगितलं. ती म्हणत होती, तुटतंय, कळत नाही. चार वेळा सांगितलं. शेवटी ती म्हणाली, कागद एवढंच ऐकू येतंय, कागद हवेत का, उद्या आणून देते. फोन बंद. पुन्हा लावतो तर माझाच आवाज मला —

मंगळवार, १८ तारीख

काल घरी गेलो नाही. गेलो होतो. जिना उतरलो आणि खाली रेड्याची खोली. पुन्हा उतरलो. पुन्हा तीच.

सकाळी माझ्या जागी चहा आला नाही. साहेब माझ्या खुर्चीत बसायला आले, मी होतो तिथेच. दिसत नाही त्यांना. चित्रकाराच्या संगणकासारखं. भिंतीपलीकडे एवढं धूड —

बाईंना दिसतंय का? त्या रेड्याकडे बघून म्हणाल्या, सांगितलं होतं हो. चष्मा पुसत होत्या. रडत होत्या.

इथे टंकतो ते रांगेत जातं. म्हणजे छापता येतं. मोडकं, पण येतं. माझा तक्ता मलाच लागू नाही. हात दाखवून अवलक्षण.

१०.५०

बायको आली. गठ्ठा घेऊन. हे कुठे आहेत, सगळ्यांना विचारतेय. काल घरी आले नाहीत, फोन लागत नाही. साहेब विचारतात, कोण? ती माझं नाव सांगते. त्यांना ऐकू येत नाही. मलाही नाही.

चिमी स्टुलावर. रेड्याजवळ. मांडीवर गठ्ठा. वरचाच कागद — कोरी बाजू खाली —

बोट ठेवून वाचतेय. खि-ड-की. ज-व-ळ-ची.

बाई! घ्या तो कागद! — बायकोला पाणी देतायत त्या, पाठ इकडे —

११.०२

निम्म्यावर आली. एका जोडाक्षरावर अडली. बरं झालं. अडून राहा, चिमे. कुणी सांगू नका तिला —

काकांनी सांगितलं. सवयीने. मान वर न करता.

११.०७

खालच्या ओळीत जोडाक्षर नाही. एकही नाही. तिला येईल सगळं. 'वाचू नको' येईल. थांबेल? मी थांबलो नव्हतो. पण ती ऐकते माझं. कागद हुकूम देतो, म्हणाली होती. दोनच शब्द छापून येऊ देत. मोठे. तिच्या समोर. दोनच —

११.०९

रांगेतलं माझं बाकी सगळं पुसलं. फक्त तेवढेच दोन पाठवतोय. रेडा रेकला. चिमीने वर पाहिलं. कागद निघतोय, ती हात पुढे करतेय. बघ, बाबाचा आहे. वाचू नको. बाळा, वाचू न▯▯. वाच▯ ▯▯. वाच