अकरा नंबर, बावीस नंबर

सोम. १३ नोव्हें. २००६
आज कॉलेजला हजर झाले. तिसरं पोटातच गेल्याला अठरा दिवस. डबा भरत होते, सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं, "पोरगं माझं पैलवान. शेतच नापीक तर बी काय करील?" भिंतीवर फोटो समाजसुधारकाचा, आणि तोंडात हे! विलास पेपरात डोकं घालून. माझ्या सगळ्या टेस्ट तीनतीनदा झाल्या. नवऱ्याची एकही नाही. का, तर तो कधी आजारी पडत नाही!

गुरु. १६ नोव्हें.
डॉ. बाई म्हणाल्या, दोघांचंही रक्त द्या, क्रोमोसोम बघू. विलास: "मला काय धाड भरलीय?" भर कुळगावात रस्त्यावर भांडले. बघू देत लोकांना. शेवटी बाही वर केली. रिपोर्टला तीन आठवडे.

मंगळ. २१ नोव्हें.
प्रॅक्टिकल. कांद्याच्या मुळांची टोकं. लाइट गेली, मायक्रोस्कोपचे आरसे खिडकीकडे वळवले. निम्म्या पोरांनी जर्नलात मायोसिसच्या जागी मायटोसिसच उतरवलेलं, गाइडातून, एकाच चुकीसकट. पानं फाडली. एक पोरगी, "मॅडम, दोनों में डिवाइड ही तो होता है, फरक क्या पडता है?"
फरक क्या पडता है! आवाज चढला. मग समजावलं. मायटोसिसमध्ये प्रत्येक क्रोमोसोम आपली नक्कल काढतो, एकेकटा रांगेत उभा राहतो, दोन्हीकडे सारखाच माल जातो. जोडीदार लागतच नाही. मायोसिस म्हणजे फुगडी. आईकडचा नि बापाकडचा एकमेकांना शोधून हात धरतात, थोडे तुकडे बदलतात, मग सुटून वेगळ्या बाजूंना. संख्या निम्मी. हात धरण्यात घोळ झाला की पुढचं सगळं बिघडतं. पोरगी "ओके मॅडम" म्हणून बसली. उगाच ओरडले तिच्यावर.

गुरु. ७ डिसें.
माझा रिपोर्ट नॉर्मल. विलासचा नाही.
त्याच्या अकरा नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा बावीसवर, बावीसचा अकरावर. हरवलं काहीच नाही, जागा बदलल्या फक्त. म्हणून पैलवान. अंगातल्या पेशी मायटोसिसनं वाढतात, जशाच्या तशा नकला, तिथे काही अडत नाही. बीज तयार होताना मात्र मायोसिस, जोड्या लावायच्या, आणि तिथे दोन अकरा, दोन बावीस अशा चौघांचा गुंता. एक तुकडा जास्त, एक कमी. तसलं बाळ टिकत नाही. दर वेळी असंच होईल असं नाही, म्हणाल्या, धडधाकटही होऊ शकतं.
दहा वर्षं शिकवतेय मी हे! एकदाही डोक्यात आलं नाही की त्याचंही रक्त बघावं.
हे बहुधा आईवडिलांपैकी एकाकडून येतं, भावंडांनी तपासून घ्यावं, असंही म्हणाल्या. भावंडं म्हणजे सुजाता. तिचं २४ ला लग्न. विलास रिक्षात: "घरी बोलायचं नाही. लग्न होऊ दे."
"आणि मी? मी नापीकच राहू?"
"थोडे दिवस. तुझं काय जातंय?"
काय जातंय. तिघं गेली माझी.

रवि. १० डिसें.
कॅम्पातल्या बाजारात साडीखरेदी. सुजाता, सासूबाई, मी. दुकानदार मला, "भाभी, आप भी देखो ना." सासूबाई माझ्यादेखत सुजाताला, "हळद लावायला ही पुढे नको. तीनदा रिकामी झालेली." सुजाता ताडकन, "मग मला हळदच नको." गुणाची पोर.
रिपोर्ट पर्समध्ये होता. काढला नाही. विलासला शब्द दिला म्हणून नाही. खरं लिहायचं तर मनात आलं, होऊ दे एकदा लेकीचंही असंच, मग विचारते म्हातारीला, शेत कुणाचं.
लिहिलं. आता वाचवत नाही.

बुध. १३ डिसें.
सासूबाई शेजारणीशी: "विलासच्या पाठची माझी पण दोन गेली. पण मी धीर सोडला नाही, सुजी झाली."
म्हणजे विलासचं हे घरातूनच, आईबापाकडून आलेलं. बाईला पत्ताच नाही आपण काय बोललो त्याचा. ओरडून सांगावंसं वाटलं. भांडी घासत राहिले.

शनि. १६ डिसें.
सुजाता मेंदीचं पुस्तक घेऊन खोलीत आली. दार लावलं नि सांगून टाकलं. तुझ्यात असेलच असं नाही, असण्याची नि नसण्याची शक्यता सारखी. रक्त आज दिलंस तरी रिपोर्ट लग्नानंतरच. रडेल वाटलं होतं. रडली नाही. माझ्या हातातून रिपोर्ट घेऊन वरची तारीख वाचली.
"सात? म्हणजे साड्या घेताना तुला माहीत होतं?"
हो.
"दादाला पण?"
हो.
"आणि तुला आईचा राग येतो."
एवढंच. मोबाइल घेऊन गच्चीवर गेली. तास झाला. होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला असेल, नसेलही. मी खाली हे लिहीत बसलेय. बाहेरून विलास विचारतोय, सुजी कुठेय.